शेवट जरा आनंदी कर

माझ्या पोटात काही राहत नाही, असं सगळे म्हणतात. खरंच आहे ते. कोणाचं लग्न ठरलं, कोणाची नोकरी गेली, कोणी नवऱ्याला न विचारता कॉन्डो बुक केला — सगळं मला कळतं आणि संध्याकाळपर्यंत माझ्याकडून निम्म्या कॅल्गरीला कळतं. पण एक गोष्ट राहिली आहे. सात वर्षं राहिली आहे. नवऱ्याला माहीत नाही, बहिणीला माहीत नाही. देवासमोर हात जोडते तेव्हासुद्धा मी ती बाजूला सारते आणि भलतंच काहीतरी मागते. तुम्हाला का सांगतेय? कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर जीभ रेटली नसती.

गेल्या रविवारी रेवाचा फोन आला. रेवा माझी मुलगी, एकुलती एक. हॅलिफॅक्सला शिक्षिका व्हायचा अभ्यास करतेय. म्हणाली, बुधवारी आमच्या वर्गात शाळेतल्या गोळीबारांवर चर्चा आहे. आधी काय काय दिसतं, कोणी ओळखायचं, कसं थांबवायचं. मला बोलायला सांगितलंय, कारण जिथे ते झालं त्याच शाळेत मी शिकलेय ना. "अँड मॉम, आय अ‍ॅम गोइंग टू टॉक अबाउट यू."

मी पोळ्या करत होते. तव्यावरची पोळी जळून कोळसा झाली, घरभर धूर, स्मोक अलार्म कोकलायला लागला — आणि मी नुसती उभी. नवऱ्यानं येऊन गॅस बंद केला. रेवा माझ्याबद्दल काय बोलणार आहे ते शेवटी सांगते. आत्ता सांगितलं तर तुम्ही पुढचं ऐकायचे नाहीत.

मी इथे रविवारची मराठी शाळा चालवते. कम्युनिटी हॉलची एक खोली, दहा ते बारा, वीसेक मुलं. मी खडूस आहे, हे आधीच सांगते. "काकू, मे आय गो टू द वॉशरूम?" असं कोणी विचारलं की मला ऐकूच येत नाही. मराठीत विचारलं तर लगेच ऐकू येतं. आमच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक निघतो, त्यातला मुलांचा विभाग माझ्याकडे. पर्समध्ये लाल पेन कायम. आणि माझा एक नियम — आधी कच्चं लिहायचं, मी तपासणार, मग पक्कं लिहायचं, आणि कच्चा कागद पक्क्याच्या मागे टाचून मला द्यायचा. म्हणजे काय सुधारलं ते दिसतं. मुलं वैतागायची. मी म्हणायची, वैतागा, पण टाचा.

हा नियम लक्षात ठेवा.

अजून एक. सात वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात, नवीन आलेल्या कुटुंबांना मदत करणाऱ्या एका संस्थेनं मला एक पत्रक मराठीत करायला दिलं होतं. पालकांसाठी होतं. मूल एकदम एकटं पडलं, आवडीचा खेळ सोडला, जिवापाड जपलेल्या वस्तू वाटून टाकायला लागलं, हिंसेबद्दल लिहायला-बोलायला लागलं, एखाद्याला 'अमुक दिवशी शाळेत येऊ नकोस' म्हणालं, तर गप्प बसू नका. खाली फोन नंबर. नाव सांगावं लागत नाही, हेही लिहिलं होतं. 'धोक्याच्या खुणा' म्हणावं की 'धोक्याची लक्षणं', यावरून मी नवऱ्याशी अर्धा तास वाद घातला होता. शेवटी 'खुणा' ठेवलं. ते पत्रक हॉलच्या नोटीस बोर्डावर मी स्वतः लावलं, चार कोपऱ्यांना चार पिना. तेव्हा मला कळलं नाही, असं म्हणायची सोय मला नाही. ते पत्रक मला पाठ होतं.

मिहीर स्वातीचा मुलगा. स्वाती माझ्याहून दहा वर्षांनी लहान, जळगावची. नवरा तेलविहिरींच्या कामावर उत्तरेला — दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. तिकडच्या मित्रांबरोबर शिकारीला जायला लागला होता, बंदूक घेतली होती, रीतसर परवाना काढून. स्वातीला ती घरात असणं आवडायचं नाही. म्हणायची, "ताई, बेसमेंटमध्ये कपाटात कुलूप लावून ठेवलीय, पण मला खाली कपडे धुवायला जायची भीती वाटते हो." मी तिला हसले होते. बंदूक काय उठून चावणार आहे का, म्हटलं.

मिहीर दहावीत, म्हणजे इथल्या ग्रेड टेनमध्ये. रेवाच्याच शाळेत, तिच्या एक वर्ष मागे. लहानपणी काय गोड पोरगं होतं! मराठीत जोक सांगायचा आणि सांगायच्या आधी स्वतःच हसायचा. त्या वर्षी हसणं गेलं. बास्केटबॉल सोडला. हुडी डोक्यावरून खाली येईना. सप्टेंबरात त्यानं त्याचा सगळा हॉकी कार्डांचा संग्रह, पाच वर्षं जमवलेला, वर्गातल्या एका छोट्याला देऊन टाकला. तो छोटा नाचत माझ्याकडे आला. मी म्हटलं, बघा, मिहीरदादा किती मोठ्या मनाचा! सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.



दिवाळी अंकासाठी त्या वर्षी निबंधाचा विषय दिला — माझी शाळा. आपल्या लहानपणी असायचा तोच. वीसपैकी एकोणीस मुलांनी तेच लिहिलं — माझी शाळा मोठी आहे, माझी शाळा मला आवडते. मिहीरनं दोन पानं भरून लिहिलं. निळ्या शाईत, वळणदार, एकही इंग्रजी शब्द उगाच नाही. मी हरखून गेले हो. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचायला लागले.

"माझ्या शाळेत चौदाशे मुले आहेत. त्यातली तीन मला रोज भेटतात." अशी सुरुवात. मी मनात म्हटलं, वा! पुढे वाचलं. तो डबा वॉशरूममध्ये बसून खातो, कारण त्या तिघांनी एकदा त्याच्या डब्यात थुंकलं होतं. "त्या दिवशी आईने कोथिंबीर वडी दिली होती. मी तिला सांगितले की सगळी संपली. ती खूश झाली." मी खुर्चीवर बसले. आणि मग शेवटचा परिच्छेद आला.

तो मला तोंडपाठ आहे. "बर्फ वितळायच्या आधी एक दिवस सगळे माझे ऐकतील. बाबांच्या कपाटाची चावी कुठे असते ते मला माहीत आहे. मी लायब्ररीपासून सुरुवात करणार आहे. रेवाताईने तेव्हा लायब्ररीत बसू नये. ती माझ्याशी बोलते. ती चांगली आहे."

  मी ते तीनदा वाचलं. शब्द फिरवून फिरवून बघितले, की याचा दुसरा काही अर्थ निघतो का. नाही निघाला. पोरानं सगळं स्पष्ट लिहिलं होतं.

मग मी काय केलं?

पत्रकावरचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. स्वाती चार गल्ल्या पलीकडे राहत होती. शाळेत मी ओळखत होते अशा दोन शिक्षिका होत्या. यापैकी कोणालाही फोन करायला दोन मिनिटं पुरली असती. मी मात्र विचार करत बसले. पोलीस स्वातीच्या दारात उभे राहतील. सगळ्या गल्लीत तमाशा. मुलाच्या नावाला कायमचा डाग. मंडळात चर्चा — कोणी सांगितलं? हिनं सांगितलं, हिच्या पोटात काही राहतच नाही! आणि शिवाय, आपल्यातली मुलं असलं काही करतात का? ते सगळं दुसऱ्यांच्या घरात होतं. आपल्या घरात फार तर मार्क कमी पडतात. — हे सगळं मी खरंच मनात म्हटलं, त्याच शब्दांत.

आणि अंक छापायला जायचा होता. हेही होतं. हसू नका. तेही होतं.

मी लाल पेन काढलं. शेवटच्या परिच्छेदावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली मारली. समासात लिहिलं — 'छान लिहितोस. शेवट जरा आनंदी कर.' खाली सही.

रविवारी कागद त्याच्या हातात दिला. त्यानं वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी लगेच दुसऱ्या मुलाकडे वळले, त्याला काहीतरी विचारलं, काय ते आठवत नाही. पुढच्या रविवारी मिहीरनं पक्कं लिहून आणलं, कच्चा कागद मागे टाचून, माझ्या नियमाप्रमाणे. आता शेवटी सगळे त्याचे मित्र झाले होते. "आम्ही लायब्ररीत बसून फराळ केला. माझी शाळा मला आवडते."

तो निबंध पहिला आला. दिवाळीच्या कार्यक्रमात मिहीरला स्टेजवर बोलावून सर्टिफिकेट दिलं, मीच दिलं. स्वाती पहिल्या रांगेत डोळे पुसत होती. मला मिठी मारून म्हणाली, "ताई, तुमच्यामुळे हो. घरी तर तोंड उघडत नाही." तेव्हा तरी सांगायचं? तेव्हाही नाही.

मार्चमधला एक गुरुवार. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला काम करते. सव्वाबाराला मंडळाचा ग्रुप टणाटण वाजायला लागला. अमुक शाळेत लॉकडाऊन, सगळी दारं बंद. गोळीबार. पोलीस. कोणाची मुलं आहेत तिथे? — एवढंच. अजून कोणालाच धड काही माहीत नव्हतं, बातम्यांतही नाही. आणि माझ्या तोंडून मोठ्यानं शब्द निघाला, "लायब्ररी." शेजारच्या खुर्चीवरची मुलगी म्हणाली, "व्हॉट?" मी म्हटलं, "नथिंग." आणि वॉशरूममध्ये जाऊन दार लावून खाली बसले, थंडगार लादीवर. दार ठोठावत होते बाहेरून. मला उठताच येईना.

दोन गोळ्या सुटल्या होत्या. एक भिंतीत गेली. दुसरी क्लेअर नावाच्या मुलीच्या गुडघ्यात. क्लेअर म्हणजे रेवाची जिवाभावाची मैत्रीण — आमच्याकडे यायची, साबुदाण्याची खिचडी बोटं चाटून खायची, मला 'आँटी' म्हणायची. त्यानंतर मिहीरनं स्वतःच बंदूक खाली ठेवली आणि पुस्तकांच्या कपाटाला टेकून बसून राहिला, पोलीस येईपर्यंत. कोणी मेलं नाही. सगळे म्हणाले, केवढी देवाची कृपा. क्लेअरची चार ऑपरेशन्स झाली. ती अजून काठी घेऊन चालते. नाचायची ती. नाच शिकायला दुसऱ्या शहरात जाणार होती.

आणि रेवा? रेवा तिथे नव्हतीच.

मगाशी मी काय म्हटलं — शाळेला नाही, स्वातीला नाही, कोणालाच सांगितलं नाही. त्यावरून तुम्हाला वाटलं असेल की बाई घाबरली, तिला खरं वाटलं नाही, तिनं दुर्लक्ष केलं. चार लोक करतात तसं. मलाही तुम्हाला तसंच वाटायला हवं होतं. इथपर्यंत मी ते मुद्दामच लपवलं. आता सांगते. मला खरं वाटलं होतं. शब्दन् शब्द खरा वाटला होता. निबंध वाचला त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून मी रेवाच्या मागे लागले — लायब्ररीत बसू नकोस, कॅफेटेरियात बस, चार लोकांत बस. ती ऐकेना. क्लेअर आणि ती रोज जेवणाच्या सुट्टीत लायब्ररीतच, खिडकीजवळच्या टेबलाशी. मग मी फेब्रुवारीत, नवीन सेमिस्टर सुरू होताना, तिची शाळा बदलली. शहराच्या दुसऱ्या टोकाला. सांगितलं काय, तर तिकडे गणित चांगलं शिकवतात. पोर रडली, दारं आपटली, आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. नवरा म्हणाला, अगं, वर्षाच्या मध्ये कोण शाळा बदलतं? मी हट्ट सोडला नाही. स्वतः गाडी चालवत रोज पाऊण तास जायची, पाऊण तास यायची, बर्फातून.

माझ्या मुलीला मी बाहेर काढलं. बाकी चौदाशे मुलं आत राहू दिली. क्लेअरला राहू दिलं. आणि मिहीरलाही.

त्या गुरुवारनंतर लोक घरी यायचे, रेवाच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि मला म्हणायचे, "काय नशीब हो तुमचं! दीड महिन्यापूर्वीच शाळा बदललीत. देवच पावला." मी म्हणायची, "हो ना." चहा टाकायची.

पोलीस माझ्याकडेही आले होते, एक बाई आणि एक तरुण. मराठी शाळेत हा मुलगा काही वेगळं बोलला का, काही लिहिलं का? मी दिवाळी अंक काढून दिला. त्याचा निबंध इंग्रजीत सांगितला, बोट ठेवून, ओळ न् ओळ. मित्र झाले, फराळ केला, माझी शाळा मला आवडते. त्या बाईनं मान हलवली आणि लिहून घेतलं. टाचलेला कच्चा कागद तेव्हा त्याच घरात होता, बेसमेंटमध्ये, जुन्या अंकांच्या खोक्यात. अजूनही तिथेच आहे.

स्वातीनं मला एकदाच विचारलं. तिच्या घराच्या पायऱ्यांवर आम्ही दोघी बसलो होतो. समोरच्या घरांचे पडदे लावलेले. तिच्याकडे बघायला कोणी तयार नव्हतं. "ताई, दर रविवारी तुमच्यासमोर बसायचा. तुम्हाला तरी कधी काही दिसलं होतं का हो?" मी म्हटलं, "नाही गं. काहीच नाही." तिनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, मग बरं. मला वाटायचं मीच आंधळी. तुमच्यासारख्या बाईलाही दिसलं नाही, म्हणजे त्यानं कोणालाच काही सांगितलं नसणार.

तिला यातून बरं वाटलं. मी तिला हे बरं वाटणं दिलं, चोरीच्या मालासारखं.

उन्हाळ्यात तिच्याबरोबर मिहीरला भेटायला गेले. गुन्हा केलेल्या मुलांना ठेवतात त्या जागी. जायचं टाळलं असतं, तर तिला वाटलं असतं मीही तोंड फिरवलं. टेबलाच्या पलीकडे तो बसला होता, केस बारीक कापलेले, किती लहान दिसत होता. म्हणाला, "नमस्कार काकू."  आणि मग, अगदी वर्गात गृहपाठ दाखवावा तसा, हळूच म्हणाला, "तुम्ही सांगितलंत तसा मी शेवट बदलला होता, काकू."

स्वातीनं विचारलं, "कसला शेवट रे?"

तो माझ्याकडे बघत राहिला.  त्यानं ते मला बोलायला ठेवलं होतं.

मी म्हटलं, "अगं, निबंधाचा." आणि घड्याळात बघितलं.

त्यानं तेव्हाही सांगितलं नाही, नंतर कोर्टातही नाही. कोर्टात सगळे म्हणाले, मुलानं कसलीच चाहूल दिली नव्हती. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. आता तो सुटलाय, बावीस वर्षांचा आहे, आईबरोबर व्हँकुव्हरला राहतो, गोदामात काम करतो. स्वाती दिवाळीला न चुकता फोन करते. तुम्ही एकट्याच हो मला धरून राहिलात, म्हणते. दर वर्षी म्हणते.

तर आता रेवाचं. फोनवर ती काय म्हणाली ते सांगायचं राहिलंय. म्हणाली, सगळे लोक यादी घेऊन येतील — ही खूण, ती खूण. मी त्यांना सांगणार की माझ्या आईकडे कसलीही यादी नव्हती. कोणी तिला काही सांगितलं नव्हतं. तिला फक्त आतून कळलं. मी रडले, भांडले, तरी तिनं मला त्या टेबलापासून उचललं. "यू जस्ट न्यू, मॉम." आणि मग, ती माझ्याशी कधी बोलत नाही अशा स्वच्छ मराठीत, "मी तुझ्यामुळे आहे, आई."

मी म्हटलं, बरं.

आतून नाही कळलं गं. त्यानं लिहून दिलं होतं. निळ्या शाईत, दोन पानं भरून, सगळ्या शहरात ज्या एका बाईला तो हे वाचायला देऊ शकत होता तिच्याच हातात. आणि त्यावर लाल पेनानं जे लिहिलंय, ते माझं अक्षर आहे. तू बघितल्याबरोबर ओळखशील.

तिची चर्चा बुधवारी सकाळी आहे. आज मंगळवार. दुपारपासून तिचे दोन फोन येऊन गेले, काहीतरी विचारायचं असेल भाषणाचं. फोन माझ्यासमोर टेबलावरच होता. मी उचलला नाही.